चारशे चाळीस तांबकल्ले

१

धरणाच्या तोंडाशी लोखंडी जाळी आहे. नदीने वाहून आणलेला कचरा तिथे अडतो आणि रोज सकाळी दोन माणसं लांब दांड्याच्या आकडीने तो उपसून काढतात. त्या सकाळी कचऱ्यात बाटल्या निघाल्या, एक फाटकी उशी निघाली आणि छत्तीस तांबकल्ले निघाले. सगळे मेलेले.

तांबकल्ला हा हातभर लांबीचा मासा. गालावर तांब्याच्या नाण्याएवढा डाग, पाठ ओल्या खडकासारखी काळी. जगात तो नदीच्या याच टप्प्यात उरलाय. त्याला वाचवायला केंद्र आहे, केंद्राला संचालक आहेत, संचालकांना बंगला आहे. माशाला राहायला काय आहे ते विचारू नका.

मी मेलेल्या माशांची डॉक्टर. जिवंत माशांच्या डॉक्टरांचे सत्कार होतात, मला मात्र लोक वास घेऊन ओळखतात. नदी समितीने बोलावलं म्हणून मी गेले. केंद्राच्या प्रयोगशाळेत छत्तीस मासे बर्फावर मांडलेले होते आणि संचालक डोळ्याला रुमाल लावून उभे होते.

"लेकरं होती माझी," ते म्हणाले.

"किती वाजता सापडली लेकरं?"

त्यांनी रुमाल खाली घेतला. मी नको आहे हे त्यांच्या चेहऱ्यावर लगेच आलं. "सकाळी. पण तुम्ही उगाच तसदी घेतलीत. कारण स्पष्ट आहे. छत्तीसच्या छत्तीस माशांच्या पोटात चिप आहे. मोजणीसाठी सुईने टोचलेली. जखम चिघळली, मासे मेले. सुई कोणाची, हे सगळ्या केंद्राला ठाऊक आहे."

दारात एक बाई उभी होती. हात मागे, मान ताठ. केंद्रात तिला सुईवाली म्हणतात. माशांना चिप टोचण्याचं काम तिचं एकटीचं. आणि ती संचालकांची सून आहे.

"बोला ना पुढे, साहेब," ती म्हणाली. "मला निलंबित केलंत तेही सांगा. येत्या परवा समिती शिक्कामोर्तब करेल आणि मग मला आयुष्यात माशाला हात लावता येणार नाही, हेही सांगा."

"सुनेलाही मी पाठीशी घातलं नाही," संचालक माझ्याकडे बघून म्हणाले. जणू मी आता टाळ्या वाजवणार होते.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. सुरी घेतली. पहिल्या माशाच्या पोटावर सुईची खूण होती, तांदळाच्या कणीएवढी, कोरडी. लाली नाही, सूज नाही, पू नाही. दुसऱ्याची तशीच, तिसऱ्याचीही. मग मी पोट उघडलं.

जखम चिघळलेला मासा खाणं टाकतो. तापाने फणफणलेला माणूस कधी ताटावर ताव मारतो का? या माशांची पोटं गच्च भरलेली होती. किडे नव्हते, शेवाळ नव्हतं. तपकिरी, फुगलेल्या, एकसारख्या गोळ्या होत्या. असल्या गोळ्या नदीत मिळत नाहीत. त्या केंद्राच्या कोठारात पोत्यात मिळतात.

"यांना कोणीतरी खाऊ घालत होतं," मी म्हणाले.

संचालकांचा रुमाल खिशात गेला तो पुन्हा बाहेर आला नाही.

२

सुईवालीशी मी केंद्राच्या मागच्या ओट्यावर बोलले. समोर हिरव्या रंगाने रंगवलेल्या टाक्या होत्या. त्यांत नदीचं पाणी पंपाने खेळत होतं.

"मोजणी कशी होते ते सांगा. मी मेल्यावर मोजते, तेव्हा हलत नाहीत."

ती हसली नाही. "डब्यात खूप बटणं आहेत. किती ते माहीत नाही. मूठभर काढायची, लाल रंगवायची, परत टाकायची, डबा हलवायचा. पुन्हा मूठभर काढायची. दुसऱ्या मुठीत जवळजवळ सगळी लाल आली, तर डब्यात बटणं थोडीच. लाल एखादंच आलं, तर डब्यात खच्चून बटणं. मी चाळीस मासे पकडले, चिप घातली, सोडले. पंधरवड्याने पुन्हा जाळं टाकलं. अकरा मासे आले. चिपवाला एकच."

"म्हणजे?"

"अकरात एक आपला, म्हणजे आपले चाळीस हे नदीतल्या माशांचा अकरावा हिस्सा. चारशे चाळीस."

"बक्कळ झाले की."

"बक्कळ? गेल्या खेपेला ऐंशी होते. हा तांबकल्ला आहे बाई, ससा नव्हे. मी म्हटलं, साहेब, काहीतरी चुकतंय, जाळं परत टाकू. ते म्हणाले, तुला यश बघवत नाही. दुसऱ्या दिवशी हे छत्तीस जाळीला लागले."

मला तेव्हाच सगळा डाव दिसला. कोण खेळलं ते दिसलं नव्हतं, पण डाव दिसला. रंगवलेली बटणं डब्यातून गुपचूप काढून घ्या. उरलेल्यांत लाल कुठून सापडणार? बटणं कमी झाली आणि हिशेबात वाढली. मासे पळवून माशांची संख्या वाढवायची! असली अक्कल माशाला नसते, त्याला शाळेत जावं लागतं.

"आकडा फुगला तर फायदा कोणाला?"

"मला सोडून सगळ्यांना." ती बोटांवर मोजत सांगू लागली. "तीनशेच्या वर गेला की समिती जाहीर करते, मासा सावरला. मग विणीच्या दिवसांत माशांना जायला-यायला धरणाचं दार उघडं ठेवायला नको, इंजिनिअर खूश. मासेमारीची बंदी उठते, जाळेवाला खूश. आणि निवृत्तीच्या आधी मासा वाचवणारा महापुरुष म्हणून आमचे साहेब खूश."

थोडक्यात, सगळ्यांनाच मासे जास्त हवे होते. नदीत असायलाच पाहिजेत असं नव्हतं.

"चिप वरून दिसते का?"

"अजिबात नाही. कांडी लागते. माशाजवळ नेली की वाजते."

"कांडी कुठे असते?"

"माझ्या खणात. कुलूप लावून. किल्ली माझ्याकडे."

"आणि दोन जाळ्यांच्या मधल्या पंधरवड्यात तुम्ही कुठे होतात?"

"वरच्या अंगाला, तंबूत. अंडी घालायच्या जागा शोधत."

"सोबत कोण?"

"खडक," ती म्हणाली. "बोलवा साक्षीला."

३

पुन्हा माशांकडे आले. या खेपेला पोट सोडून बाकीचं बघितलं. तोंडं सोललेली होती. भिंतीला नाक घासघासून मासा असा होतो, हौदात कोंडलेला. कल्ल्यांच्या आत लालभडक असायला हवं, तिथे उकडल्यासारखं पांढुरकं आणि चिकट होतं. आणि पाठी! ओल्या खडकासारखी काळी पाठ, असं जो तो सांगत होता. या छत्तीस पाठी राखेसारख्या फिक्या होत्या. मेल्यावर रंग उतरतो, पण इतका धुऊन निघत नाही. मासा ज्या तळावर राहतो त्याचा रंग घेतो. गडद तळावर गडद, फिक्या तळावर फिका. हे मासे कितीतरी दिवस पांढऱ्या तळावर काढून आले होते.

केंद्राच्या टाक्या हिरव्या. आणि तिथे नदीचं पाणी. कल्ले जाळलेत ते क्लोरीनने, म्हणजे नळाच्या पाण्याने. माणसाला ते अमृत, माशाला तेजाब.

पांढरा हौद आणि नळाचं पाणी. मी विचारत सुटले. पहिलं उत्तर मिळालं ते धरणाच्या विश्रामगृहात. तिथे अंगणात पांढऱ्या फरशीचं कारंजं आहे.

धरणाचा इंजिनिअर मला गेटवरच भेटला. गोरा, गुळगुळीत, चिडका. "मासे माझ्या जाळीत सापडले म्हणून मी मारले? उद्या तुमच्या दारात मांजर मेलं तर तुम्हाला फाशी द्यायची का?"

"मांजराच्या पोटात तुमचं दूध निघालं तर नक्की द्या. कारंजं दाखवा."

"बंद आहे ते."

"बंदच दाखवा."

कारंज्याभोवती बाक होते, बाकांवर त्याचे दोन मदतनीस बसून होते. मला बघून एक जण मोठ्याने म्हणाला, "आली पोस्टमार्टमवाली, श्वास घेत राहा रे, नाहीतर उघडेल."

हौदात पाणी होतं. मी वाकून बघितलं. फरशी पांढरी होती, पण कधीतरी. आता तिच्यावर शेवाळाची गोधडी होती. आणि पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या, शेकड्यांनी.

"तुमची सुटका झाली," मी इंजिनिअरला सांगितलं. "छत्तीस मासे इथे एक दिवस राहिले असते तर एक अळी उरली नसती. शिवाय या शेवाळावर मासा फिका पडत नाही. आता हे पाणी काढा, नाहीतर तुम्हालाच ताप येईल आणि तुमच्यासाठी मला बोलावतील."

त्याने आभार मानले नाहीत. पाठ वळल्यावर म्हणाला, "जाळेवाल्याला विचारलंत का? छत्तीस मासे काय आपापल्या पायांनी नदीबाहेर आले?"

चिडका माणूस, पण प्रश्न बरोबर होता. आणि जाळेवाला सकाळपासून मला टाळत होता.

४

तो घाटाच्या पायऱ्यांवर गुंतलेलं जाळं सोडवत बसला होता. वय झालेला, दंड दोरखंडासारखे. बंदी येण्याआधी सगळी नदी त्याची होती. आता मोजणीच्या वेळी केंद्र त्याला बोलावतं, मासा धरायला आणि लगेच सोडून द्यायला.

"बाई, उन्हात उभ्या राहू नका," तो म्हणाला. "नासाल."

"मधल्या दिवसांत जाळं टाकलंत?"

"पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात. मी पाण्याबाहेर आहे. म्हणून केलं."

"म्हणजे टाकलंत."

"टाकलं. लपवायचं काय त्यात? मला कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मला सांगण्यात आलं, माशांची तब्येत बघायची आहे, काढ. मी काढले. आकडा चांगला आला तर बंदी उठेल हेही सांगण्यात आलं. मग मी काय जाळ्याला नको म्हणू?"

"कोणी सांगितलं?"

त्याने गाठ दाताने सोडवली. "ते नाही सांगणार. शब्द दिलाय. शब्द दिला की दिला, माणूस भिकार असला तरी."

"बरं. माझ्यापुरतं एकच सांगा. कांडी वाजायची?"

पहिल्यांदाच त्याचा हात थांबला.

"तेच तर," तो हळू म्हणाला. "मला वाटलं होतं, नदी भरलीय, बंदी उगाच आहे, हे लोक माझ्या पोटावर उठलेत. आणि बाई, जो मासा वर काढावा तो वाजायचा. वाजला की ठेवायचा, मुका निघाला की सोडायचा. चार-पाच वाजल्यावर एखादा मुका. सगळा डोह चाळला. मी म्हटलं, अहो, सगळे हेच आहेत की, बाकीचे कुठे गेले? तर मला म्हणे, तू जाळं ओढ."

मी पायरीवर बसले. नासायची भीती सोडून.

सुईवालीची बटणं आठवा. पाचांत चार लाल आली, तर डब्यात बटणं किती? चाळीस रंगवलेली, म्हणजे सगळी मिळून पन्नास. बस्स. सगळ्या नदीत पन्नास मासे होते, आणि त्यातले छत्तीस माझ्या टेबलावर बर्फावर पडले होते.

"कांडी ज्याच्या हातात होती तो माणूस कोणत्या घरचा, एवढं तरी सांगाल?"

"घर तुम्हाला ठाऊक आहे," जाळेवाला म्हणाला. "बंगला आहे त्याला."

त्या बंगल्यात तीन माणसं राहतात. संचालक, त्यांची बायको आणि सुईवाली. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला. आणि कांडीची किल्ली सुईवालीकडे.

५

बंगल्याचं दार सासूबाईंनी उघडलं. संचालकीणबाई म्हणतात त्यांना, आणि त्यांनाही ते आवडतं.

"चपला बाहेर काढा. हात धुतलेत का? माशांचे?"

"मागे नळ आहे ना? तिथे धुते."

त्या नको म्हणायच्या आत मी स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात पोचले. नळ होता. नळाखाली पांढऱ्या फरशीचा हौद होता, छातीएवढा खोल, चांगला लांब-रुंद. कोरडा ठणठणीत. इतका घासलेला की डोळे दिपावेत. कोपऱ्यात घासणी आणि फरशी धुवायच्या पावडरचा रिकामा डबा. फक्त पाणी जायच्या भोकाच्या जाळीत काहीतरी चमकत होतं. मी नखाने काढलं. खवला होता, अंगठ्याच्या नखाएवढा. मी तो खिशात टाकला.

"हौद चांगला घासलाय," मी म्हणाले.

"घाण झाला होता."

"कोणी घासला?"

त्यांनी पदर खोचला. एक क्षण, फक्त एकच, डोळे घराकडे गेले. "सुनेने. तिचेच उद्योग. घरात मासे, केंद्रात मासे. आमचे हे बिचारे दिवसभर नदीसाठी मरतात, आणि ही घरात हौद भरून मासे आणून ठेवते. मी म्हटलं नाही कुणाला. घरची अब्रू."

मागे आवाज झाला. सुईवाली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"आई," ती म्हणाली, "मी पंधरवडाभर घरी नव्हते."

"नव्हतीस कशी? येऊन-जाऊन होतीस. मला सगळं दिसतं."

"तुम्हाला माझा डबासुद्धा दिसत नाही, मी काय खाते ते दिसत नाही. हौद बरा दिसला."

"बघा, बघा कशी बोलते!" सासूबाई माझ्याकडे वळल्या. "शिकलेली ना."

तेवढ्यात सुईवालीचा फोन वाजला. नवरा होता. त्याने काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही, पण तिचं एवढंच ऐकू आलं. "तुझ्या बाबांसाठी मी कबूल करायचं? का, त्यांचा सत्कार आहे म्हणून?" आणि तिने फोन ठेवला. आपटला नाही, ठेवला. ते जास्त वाईट दिसलं.

सगळं तिच्याकडेच बोट दाखवत होतं. कांडी तिची, किल्ली तिची, घर तिचं, साक्षीला खडक. सासू तिच्याविरुद्ध, सासरा तिच्याविरुद्ध, आणि आता नवराही.

आणि त्याच अंगणात, हात धुता धुता, माझी खात्री पटली की हे तिने केलेलं नाही.

६

समितीची बैठक केंद्राच्या सभागृहात भरली. संचालकांनी पुढची खुर्ची घेतली होती. मागे इंजिनिअर, भिंतीला टेकून जाळेवाला, खिडकीशी सुईवाली. सासूबाई नवऱ्याशेजारी, चांगलं लुगडं नेसून. निरोप समारंभासारखं वातावरण होतं. समितीच्या अध्यक्षा, पांढऱ्या केसांच्या, कोणाकडे बघून न हसणाऱ्या बाई, म्हणाल्या, "बोला."

मी खवला टेबलावर ठेवला.

"हे छत्तीस मासे दुसऱ्या जाळ्याच्या वेळी नदीत नव्हते. ते पांढऱ्या हौदात होते, केंद्राच्या गोळ्या खात होते. नदीचा मासा गोळी लगेच तोंडात घेत नाही, रुसतो, उपाशी राहतो, मग हार मानतो. यांची पोटं गच्च होती, म्हणजे बरेच दिवस झाले होते. त्यांना नदीतून काढलं कारण ते चिपवाले होते, आणि चिपवाले नाहीसे झाले की हिशेबात मासे वाढतात. हौद संचालकांच्या बंगल्यातला. हा खवला त्याच हौदाच्या जाळीतला."

सभागृहात कुजबुज झाली. संचालक उठले. चेहरा दुःखी, आवाज मखमली.

"मला हे बोलायचं नव्हतं. माझ्या घरातली गोष्ट आहे. पण कांडी माझ्या सुनेच्या खणात असते. किल्ली तिच्याकडे असते. मी बाप म्हणून एवढंच म्हणेन, तिला माफ करा."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या. इतक्या गोड आवाजात नव्हत्या ऐकल्या.

"थांबा, माफी नंतर वाटा," मी म्हणाले. "दुसऱ्या जाळ्याच्या वेळी अकरा मासे आले. त्यांना कांडी कोणी लावली?"

"तिनेच," संचालक म्हणाले. "नेहमी तीच लावते."

"मग तिला आकडा फुगवायचा असता तर काय करायला हवं होतं? मासे पळवायला हवेत? जाळेवाल्याला कामाला लावायला हवा? हौद भरायला हवा? छे! कांडीचं बटण बंद ठेवायचं. चिपवाला मासा आला तरी कांडी गप्प बसली असती. कोणाला कळलं असतं? सगळ्यांच्या शेजारी बसून चुटकीसरशी होणारी गोष्ट. छत्तीस जिवंत मासे लपवायचा उपद्व्याप कोण करतो? ज्याच्या हातात त्या दिवशी कांडी असणार नाही तो. जो त्या आधी कांडी घेऊ शकतो, पण त्या दिवशी तिच्या हातातून काढून घेऊ शकत नाही. केंद्राच्या प्रत्येक कुलपाची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

सगळे एकाच खुर्चीकडे बघत होते.

"जाळेवाले," अध्यक्षा म्हणाल्या, "आता समिती विचारते आहे."

तो भिंतीपासून सुटला. "शब्द दिला होता, साहेब," तो संचालकांना म्हणाला. "पण तुम्ही सुनेवर ढकलाल असं शब्दात नव्हतं."

संचालक बसले. मखमल गेली, खालचं लाकूड दिसू लागलं. "मी मारायला नेले नव्हते," ते म्हणाले. "मोजणी झाली की परत सोडणार होतो. एकूण एक. तीस वर्षं दिली मी या माशाला. दरवर्षी लिहीत आलो, वाढतोय, वाढतोय. आणि शेवटच्या वर्षी म्हणायचं काय, पन्नास? तीस वर्षांचे पन्नास? मी त्यांना जपलं. रोज स्वतः खाऊ घातलं. नदीचं पाणी बादलीने आणून ओतलं. कसे मेले मला कळलं नाही. मोजणीच्या संध्याकाळी घरी गेलो तर सगळे उलटे तरंगत होते. रात्रीच नदीत टाकून आलो."

"नळाच्या पाण्याने मेले," मी म्हणाले. "त्यात क्लोरीन असतं. कोणीतरी हौदात नळ सोडला."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"मी सोडला," त्या म्हणाल्या.

"तू बस," संचालक म्हणाले.

"मी का बसू? वास मारत होता. मला म्हणालात, पाहुणे मासे आहेत, कोणाला बोलू नकोस, सुनेला तर नाहीच. मी म्हटलं, पाहुणे आहेत तर घाणीत कशाला ठेवायचे? अर्धं पाणी सोडलं आणि नळ चालू केला. स्वच्छ पाणी, आपण पितो तेच." त्यांचा आवाज चिरकला. "मला वाटलं त्यांना बरं वाटेल. तीस वर्षं माशाच्या माणसाशी संसार केला, आणि नळाचं पाणी घालू नये एवढं एक वाक्य यांना मला सांगता आलं नाही! वर म्हणालात, हौद घास, कोणी विचारलं तर सुनेचं नाव घे. मी घेतलं."

त्या सुनेकडे वळल्या. काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण आयुष्यभर टोमणे मारत आलेल्या तोंडाला दुसरं काही पटकन सुचेना.

"बसा आई," सुईवाली म्हणाली. प्रेमाने नाही. पण म्हणाली.

अध्यक्षांनी संचालकांना बाहेर थांबायला सांगितलं. ते माझ्या शेजारून गेले तेव्हा पुटपुटले, "तुम्हाला काय मिळालं यातून?" मी सांगितलं, "छत्तीस मासे."

मग अध्यक्षा सुईवालीला म्हणाल्या, "तुमचं निलंबन रद्द. काम आजपासून तुमच्याकडे. आता आम्हाला खरा आकडा हवा आहे. पुन्हा जाळं केव्हा टाकता?"

सगळ्यांना वाटलं ती आता उड्या मारत तारीख सांगेल. हेच तर तिला हवं होतं, हात परत मिळणं.

"यंदा नाही," ती म्हणाली. "पन्नासातले छत्तीस गेले. उरले असतील तर चौदा असतील. त्यांना पकडायचं, दमवायचं, टोचायचं, कशासाठी? चौदा आहेत का तेरा, हे आपल्याला कळावं म्हणून? ते वर अंडी घालायला जातायत. मी नाही हात लावणार, आणि दुसऱ्या कोणाला लावू देणार नाही."

"मोजणी केली नाही तर आम्ही ठरवायचं कशावर?" मागून इंजिनिअर भडकला. "धरणाचं दार मी कधी लावू?"

"पिल्लं पोहायला लागेपर्यंत लावायचं नाही."

"आणि वर एकही मासा गेलेलाच नसेल तर? नदीत एकही उरला नसेल तर?"

"तर रिकाम्या नदीसाठी उघडं ठेवा," सुईवाली म्हणाली. "भरलेल्या नदीसाठी तुम्ही कधी ठेवलं नाहीत."

इंजिनिअर अध्यक्षांकडे बघू लागला. अध्यक्षांनी सुईवालीकडे बघून होकाराची मान हलवली, आणि तो शिव्या गिळत, दार उघडं ठेवा म्हणून धरणावर फोन करायला बाहेर गेला.